रोल नसलेला कॅमेरा

(शेतकी खात्याकडून)



हल्ली गट ऑफिसच्या मोबाईलवर सभासदांकडून उसाचे फोटो येतात. कुणाची पाने पिवळी पडलेली, कुणाच्या उसाचा पोंगा वाळलेला, कुणाचे बेट हुमणीने हाताबरोबर उपटून आलेले. खाली एकच ओळ असते : "साहेब, औषध सांगा." सभासद तत्परतेने कळवितात ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु निम्म्याहून अधिक फोटोंवर नाव नसते, गट नंबर नसतो, लागण की खोडवा, जात कोणती, काहीही नसते. मग फिल्डमनने जायचे कुठे? फोन करावा तर सभासद पाण्याच्या पाळीवर, आणि फोन घरी.

यानिमित्ताने आपल्या शेतकी खात्याने घेतलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची हकीकत सभासदांपुढे मांडावी असे वाटले. जुन्या मंडळींना तो आठवत असेल. तरुण मंडळींना गंमत वाटेल, आणि थोडा उपयोगही होईल.

रोलचा जमाना

आम्ही कृषी पदविका घेऊन २००२ साली या खात्यात लागलो. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता सगळ्या ऊस पट्ट्यात हाहाकार उडाला. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या कडेने, कापूस पिंजून चिकटवावा तशी पांढरी किडी. तिच्या अंगातून गोड चिकटा खालच्या पानांवर ठिबकायचा, त्यावर काळी बुरशी वाढायची आणि हिरवा फड काजळी धरल्यासारखा दिसायचा. जनावरांसाठी नेलेल्या वाढ्यांबरोबर ही कीड एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जायची.

त्यावेळी खात्याकडे साधा रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल. तो संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा हिशेब खात्याचा. रोल संपला की तालुक्याच्या स्टुडिओत द्यायचा, मग प्रिंटा यायच्या. तोवर आठ-दहा दिवस सहज जायचे. त्यात निम्मे फोटो हललेले. माव्याची मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते. आठ-दहा दिवसांत पानाचा रंग बदलतो. प्रिंट हातात यायची तेव्हा शेतातली परिस्थिती दुसरीच झालेली असायची.

खरेदी कशी झाली

२००३ च्या सुरुवातीला डिजिटल कॅमेऱ्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे गेला. तीन कोटेशने मागविली. एका एकराच्या खोडव्याचे बिल जाईल एवढी किंमत पाहून समितीतले एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "एवढ्यात दोन बैलं येतील की!" अकौंट खात्याची शंका वेगळीच होती. रोल नाही, धुलाई नाही, तर महिन्याचा खर्च कोणत्या खाती टाकायचा? खर्चच नाही हे पटायला दोन बैठका लागल्या.

त्या काळी बाजारात दोन प्रकार होते. एका प्रकारात फोटो छोट्या कार्डावर साठत. कार्ड महाग, आणि ते कॉम्प्युटरला जोडायला वेगळी वायर व वेगळा प्रोग्रॅम लागे. दुसऱ्या प्रकारात फोटो थेट साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर उतरत. सोनी कंपनीने १९९७ साली 'माविका' नावाने असे कॅमेरे प्रथम आणले होते. आपल्या गट ऑफिसच्या प्रत्येक कॉम्प्युटरला फ्लॉपीचा खण होता. फ्लॉपी स्वस्त, कुठेही मिळणारी. म्हणून आम्ही फ्लॉपीवाला प्रकार निवडला. दिसायला मोठा, बॅटरीसह अर्ध्या किलोच्या वर भरणारा, पण खेड्यातल्या कामाला सोयीचा.

आत काय चालते

पहिल्या दिवशी वॉचमनपासून केमिस्टपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न : "रोल घातला नाही, मग फोटो निघतो कशावर?" त्याचे उत्तर आपल्या कारखान्यातच आहे.

कॅमेऱ्याच्या आत नखाएवढी एक चकती असते. तिच्यावर बारीक बारीक चौकोनांच्या रांगा असतात. भिंगातून प्रकाश आला की प्रत्येक चौकोनात त्या प्रमाणात वीज साठते. उजेड जास्त तेथे जास्त, सावली तेथे कमी. मग गव्हाणीवर मोळ्या पुढे सरकाव्यात तशी ही वीज रांगेने पुढे सरकते, टोकाला तिचे वजन होते आणि आकडा लिहिला जातो. वजनकाट्यावर गाड्यांची नोंद होते तसेच. या चकतीची कल्पना बेल लॅब या अमेरिकन संस्थेतील बॉइल आणि स्मिथ या दोघांनी १९६९ साली काढली. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोडॅकचे इंजिनियर स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. तो साडेतीन किलोच्या वर वजनाचा होता, आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. आणि ज्या कोडॅकमध्ये हा शोध लागला, तीच रोलवर मोठी झालेली कंपनी २०१२ साली दिवाळखोरीसाठी कोर्टात गेली.

आमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६४० बाय ४८० चौकोनांचा, म्हणजे ३ लाख ७ हजार २०० ठिपके. आजच्या साध्या मोबाईलमध्ये कोटीच्या वर ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग धरले तर एका फोटोला ९ लाखांवर अक्षरांची जागा लागते. फ्लॉपीत जागा साधारण साडेचौदा लाखांची, म्हणजे सरळ हिशेबाने एका फ्लॉपीत एकच फोटो. पण रस आटवून साखर करावी तसा कॅमेरा फोटो आटवून ठेवतो. १९९२ साली ठरलेली जेपेग ही पद्धत त्यासाठी वापरतात. त्यामुळे एका फ्लॉपीत चांगले पंधरा-वीस फोटो बसत.

पंधरा-वीसच! म्हणून प्रत्येक फोटोचा विचार करावा लागे. बटण दाबले की फ्लॉपी घर्रर्र करून फिरे, तेवढा वेळ थांबायचे, मग दुसरा फोटो. त्या वेळात आम्ही वहीत नोंद करीत असू. खात्याचे तेव्हाचे वरिष्ठ शिस्तीचे कडक. वहीत नोंद नाही तो फोटो काढलाच नाही असे समजले जाईल, हा त्यांचा हुकूम. नमुन्यादाखल एक नोंद :

'फ्लॉपी १४, फोटो ६. पूर्वहंगामी, को ८६०३२. पूर्वेच्या बांधापासून ५ वी सरी, वरून ३ रे पान, खालची बाजू. पानाला तांबडी चिंधी बांधली आहे. सकाळी ८॥.' बाजूला सभासदाचे नाव, गट नंबर आणि तारीख.

तात्या आणि तांबडी चिंधी

या चिंधीची गोष्ट सांगितली पाहिजे. २००३ चा सप्टेंबर. आमच्या गटातले एक जुने सभासद, त्यांना आपण तात्या म्हणू. त्यांचा अडीच एकर पूर्वहंगामी ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि मावा सगळीकडे पोचला होता. मुलीचे लग्न त्या उसाच्या बिलावर ठरलेले. तात्यांनी उसनवारी करून औषध आणायचे ठरविले, पेट्रोलपंपही भाड्याने सांगितला. एवढ्या उंच, एकात एक गुंतलेल्या फडात शिरून पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचविणे जवळजवळ अशक्य. शिवाय फवारा मारणाऱ्याच्या अंगावरच निम्मे पडणार.

आम्ही पाने उलटी करून पाहिली तर माव्यात अळ्या हलताना दिसल्या. एक डिफा नावाच्या पतंगाची अळी, ती माव्यात जाळे करून राहते आणि मावा खाते. दुसरी मायक्रोमसची, ती मावा शोषून घेते. तात्यांना दाखविले. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, आणि दिसल्यावर म्हणाले, "ही आणि नवीन कीड आली काय? मग तर आजच मारायला पायजे!"

आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली. चार पानांना तांबड्या चिंध्या बांधल्या आणि फोटो काढले. तात्या बांधावरून बघत म्हणाले, "फोटू काढून मावा मरतोय व्हय?" प्रश्न रास्त होता. आठ दिवसांत मावा वाढला असता तर त्यांच्या घरचे कार्य अडले असते, आणि मुदत आम्ही मागितलेली होती.

चौथ्या दिवशी गेलो, त्याच पानांचे फोटो घेतले. आठव्या दिवशी पुन्हा. कॅमेऱ्याचा पडदा उन्हात अजिबात दिसत नसे, म्हणून डोक्यावरून टॉवेल ओढून आत तोंड घालायचे. तात्यांनाही टॉवेलात घेतले. पण खरे काम गट ऑफिसात झाले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटभर पान ताटाएवढे दिसले. पहिल्या फोटोत सलग पांढरे, दुसऱ्यात मध्ये मध्ये विरळ, तिसऱ्यात बऱ्याच ठिकाणी मोकळी हिरवी शीर आणि शेजारी जाड झालेली अळी. बांधापासूनची तीच सरी, तेच पान, तीच चिंधी. तात्या तिन्ही फोटो पुन:पुन्हा बघत होते. मग म्हणाले, "ही खातीया त्याला. राहू द्या पंप."

तात्यांचा सबंध प्लॉट वाचला असे आम्ही म्हणणार नाही. ओढ्याकडच्या बाजूला अळ्या उशिरा पोचल्या, तेथे उसाची जाडी राहिली नाही आणि वजन घटले. पण औषधाचे कर्ज झाले नाही, आणि मधला फड सुधारला. शिवाय त्यांच्या प्लॉटातली अळ्या असलेली पाने कापून आम्ही शेजारच्या तीन प्लॉटांत टाचली. ते तीन फोटो पुढे प्रत्येक गट मेळाव्यात दाखविले. तोंडी सांगून जे पटत नव्हते ते पटायला लागले. जेथे मित्रकीटक नव्हते तेथे आम्ही फवारणीच सांगितली, हेही नमूद करतो. कारण प्रत्येक फड वेगळा. पुढच्या काळात मित्रकीटकांनी हा मावा बराच आटोक्यात ठेवला.

फ्लॉप्या गेल्या, वही राहिली

यंदा हंगाम संपल्यावर खात्याची कपाटे साफ केली. कॅमेरा निघाला, बॅटरी केव्हाच गेलेली. एकूण ६१ फ्लॉप्या निघाल्या. आता कोणत्याच कॉम्प्युटरला फ्लॉपीचा खण नाही, सोनीनेही २०११ साली फ्लॉपी बनविणे बंद केले. बाहेरून जोडायचा एक खण मागवून आणला आणि एकेक घालून पाहिली. ३८ उघडल्या. बाकीच्यांना बुरशी धरली होती.

पण वही शाबूत आहे. त्यामुळे न उघडलेल्या फ्लॉप्यांतही काय होते ते कळते. कोणत्या शिवारात मावा आधी आला, कोणत्या तारखेला अळ्या दिसल्या, हे आज सांगता येते. उलट उघडलेल्या काही फ्लॉप्यांत सुंदर, स्वच्छ फोटो आहेत, पण ते कुणीतरी नोंदीशिवाय काढलेले. कुणाचा ऊस, कुठला, कधीचा, सांगणारे कुणी नाही. ते फोटो असून नसल्यासारखे.

आज तीच गत मोबाईलमधल्या हजारो फोटोंची होते आहे. म्हणून सभासदांना विनंती :

१) एक फोटो सबंध प्लॉटचा, एक बेटाचा, आणि एक रोगट पानाचा किंवा किडीचा जवळून घ्यावा. पानाच्या दोन्ही बाजू घ्याव्यात.

२) जवळच्या फोटोत शेजारी काडेपेटी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो.

३) उन्हात पाठमोरे उभे राहून पानावर स्वत:ची सावली धरावी. कडक उन्हात पांढरा भाग नुसता चमकतो, तपशील दिसत नाही.

४) फोटोखाली नाव, गाव, गट नंबर, जात, लागण की खोडवा, लागणीची किंवा तोडणीची तारीख आणि शेवटचे खत-पाणी लिहावे.

५) व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठविला तर तो आटतो, आणि त्यातली तारीख व ठिकाणाची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास फोटो मूळ स्वरूपात येतो. जमत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना सांगावे, ती एका मिनिटात करून देतील.

६) पानाला चिंधी बांधून ठेवावी आणि चार-पाच दिवसांनी त्याच पानाचा पुन्हा फोटो काढावा. एका फोटोवरून रोग कळतो, पण तो वाढतो आहे की ओसरतो आहे हे कळायला दुसरा फोटो लागतो. औषधाचा निर्णय बहुतेक वेळा त्यावरच ठरतो.

चिंधी तांबडीच असावी असे नाही. पण ती हिरव्यात उठून दिसते, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो. आडसालीच्या नोंदी सुरू आहेत. नोंद करायला गट ऑफिसात याल तेव्हा २००३ ची ती वही आणि तात्यांच्या प्लॉटचे तिन्ही फोटो पाहायला ठेवले आहेत. अवश्य पाहावेत.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी