असं का होतं? : वळणावर कलणारी गाडी

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं, की राजूर घाटात डाव्या वळणावर गाडी उजवीकडे कलते. चाकं वळतात, पण वरचं धूड सरळच जाऊ पाहतं. बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, आतल्या सैलावतात.

हे कलणं आवरतो अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली, तर तो नुसता फिरतो. एकच बाजू दबली, की मात्र ओलं धोतर पिळावं तसा पिळला जातो आणि उलट जोर लावून गाडीला सावरतो.

मग जाड दांडा बसवावा? भरीव दांडा 20 ऐवजी 22 मिलिमीटरचा केला, तर त्याचा ताठरपणा जवळपास दीडपट होतो! पण फक्त पुढचाच ताठ केला, तर गाडी वळायला कुरकुरते. मागचा फार ताठ केला, तर वळणात मागची बाजू घसरू शकते. शिवाय एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्यालाही जाणवतो. आपले रस्ते पाहता हा सौदा मला महागच वाटतो. आधी जुन्या दांड्याचे रबरी बुश आणि लिंक तपासून घ्या. ते झिजले असतील, तर दांडा असून नसल्यासारखा.