कायमचे दात जन्मतःच नसल्यास : तारा लावण्यापूर्वीचे निर्णय

दुधाचा दात पडून वर्ष उलटले तरी त्या जागी कायमचा दात दिसत नसेल, तर तो उशिरा येणार आहे की मुळात तयारच झालेला नाही, हे संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रावरूनच, अर्थात ओपीजीवरूनच, स्पष्ट होते. अक्कलदाढा वगळल्या तरी शंभरातील सुमारे पाच ते सहा जणांना एखादा कायमचा दात जन्मतःच नसतो. खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या सुळ्यालगतचा छोटा पटाशीचा दात यांबाबत असे वारंवार घडते. हा दोष बहुधा आनुवंशिक असल्याने भावंडांचीही तपासणी इष्ट ठरते.

वरचा छोटा पटाशीचा दात नसल्यास दोन मार्ग संभवतात. पहिल्यात सुळा पुढे सरकवून जागा बंद केली जाते आणि त्याचे टोक घासून, दातांच्या रंगाचे मिश्रण लावून त्याला पटाशीच्या दाताचे रूप दिले जाते. दुसऱ्यात जागा मोकळी राखून तेथे कृत्रिम दात बसविला जातो. वरचे दात पुढे आलेले असतील तर पहिला मार्ग सोयीचा; मात्र खालचा जबडा पुढे असल्यास अथवा सुळा फार रुंद व पिवळसर असल्यास दुसऱ्याचा विचार करावा लागतो. हसताना हिरड्या किती दिसतात, हेही पाहिले जाते.

कृत्रिम दाताच्या बाबतीत वय निर्णायक ठरते. इम्प्लांट हाडाला घट्ट धरून राहतो आणि जबड्याच्या वाढीबरोबर सरकत नाही. तो चौदाव्या वर्षी बसविला, तर शेजारचे दात वाढीसोबत खाली येतात आणि हा वरच राहून आखूड दिसू लागतो. त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे बहुधा विशीच्या आसपासपर्यंत थांबावे लागते. मधल्या काळात शेजारच्या दाताला चिकटविलेला ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात वापरता येतो. घरच्यांची घाई समजण्याजोगी आहे, पण येथे ती महागात पडते.

खालची उपदाढ नसेल तर दुधाची दाढ 'पडत नाही' म्हणून काढून टाकण्याची चूक होते. तिची मुळे शाबूत असल्यास ती अनेक वर्षे काम देते. ती उपदाढेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद असल्याने बाजूने थोडी घासली जाते. ती हाडाला जखडून शेजारच्या दातांपेक्षा खाली राहू लागली, तर मात्र काढण्याचा निर्णय वेळीच घ्यावा लागतो.

आणखी एक बाब नियोजनात सहसा दुर्लक्षिली जाते, ती म्हणजे अंतर. तारांचा उपचार दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी लागते. तिलवारा घाटापलीकडील गावांतून जबलपूर गाठणाऱ्या रोजंदारीवरील पालकांसाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला दिवस असतो. जबलपूरची काही मराठी कुटुंबे नातेवाइकांच्या आधाराने नागपूरचा विचार करतात; तेथे शासकीय दंत महाविद्यालय आहे, परंतु अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. फेऱ्या नियमित होणार नसतील, तर ते आरंभीच दंतवैद्यांना सांगावे. दातांची फार हालचाल न करता ब्रिजने भागविण्याची योजना अशा वेळी अधिक व्यवहार्य ठरू शकते. उपचार मध्येच दुसऱ्या गावी न्यावा लागल्यास ओपीजी, दातांचे साचे आणि लेखी योजना यांच्या प्रती सोबत असाव्यात.