प्रतापगडचा पुतळा आणि पसरणी घाटातले काळे झेंडे

महाबळेश्वरला आलेला माणूस प्रतापगड चुकवत नाही. भवानीमातेचं दर्शन होतं, बालेकिल्ल्यावरच्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे फोटो निघतात. पण या पुतळ्याच्या अनावरणाने सातारा जिल्हा किती तापला होता, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नाही.

तो दिवस 30 नोव्हेंबर 1957. अनावरणाला पंतप्रधान नेहरू येणार होते. राज्य द्विभाषिक मुंबईचं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राला दिल्लीचा नकार होता आणि त्यापायी शंभरावर माणसांनी प्राण दिले होते. अफझलखान वधाविषयी नेहरूंनी पूर्वी लिहिलेल्या मजकुराचा रागही होताच. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनं पुकारली. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात एसेम जोशींच्या नेतृत्वाखाली माणसं काळे झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. घोषणा झेलत पंतप्रधानांचा ताफा वर गेला. महाराजांच्या पुतळ्याला विरोध कुणाचाच नव्हता. भांडण मुंबईचं होतं.

यजमान चव्हाण देवराष्ट्र्याचे. समितीच्या बाजूने साताऱ्यातून त्याच वर्षी खासदार झालेले क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा दक्षिण साताऱ्यात. बेचाळीसमध्ये दोघेही इंग्रजांविरुद्ध भूमिगत होते. मराठी मन किती दुखावलंय याचा अंदाज दिल्लीला त्या घाटात आला, असं मानणारे बरेच आहेत; मलाही ते पटतं. अडीच वर्षांत, 1 मे 1960 रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला.

ज्याच्या अनावरणापायी हे सारं घडलं, तो पुतळा कांस्याचा, म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाचा. या डोंगरातला धुवांधार पाऊस सोसताना कांस्यावर काळपट-हिरवट थर धरतो. तो थर धातूला जपतो. चकाकीसाठी घासून काढणं हे नुकसानच. खरा धोका आतून असतो. मोठे पुतळे पोकळ असतात. आतला सांगाडा लोखंडी असेल आणि पाणी साचून राहिलं, तर गंज फुगतो, जोड सुटतात. मालवणला 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. ती जखम ताजी आहे, म्हणून प्रतापगडच्या पुतळ्याची आतून तपासणी दर पावसाळ्यानंतर व्हायलाच हवी.

2025 च्या जुलैत प्रतापगड जागतिक वारसा यादीत गेला. आता जगभरातून माणसं येतील. पुतळ्याजवळ अनावरणाच्या त्या दिवसाची हकिकत, काळ्या झेंड्यांसकट, ठळक मराठीत लिहून लावावी, एवढी शासनाला विनंती.