एक टपाल, अनेक संगणक

भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत पोलाद उद्योगासाठी सुटे भाग बनवणारी एक छोटी कंपनी आहे. निविदा, दरांची विचारणा, ड्रॉइंगमधले बदल, सगळं तिथे एकाच ईमेल पत्त्यावर येतं आणि ते विक्री, डिझाइन, हिशेब या साऱ्याच विभागांना लागतं. टपाल एका सर्व्हरवर ठेवलेलं. बाकीचे लिनक्स संगणक ते एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फाईलव्यवस्थेतून, जणू आपल्याच डिस्कवर असल्यासारखं उघडत. ही व्यवस्था बदलण्याचं काम मी जवळ बसून पाहिलं. काम करणारे गृहस्थ मूळचे नागपूरकडचे, भिलाईत स्थायिक झालेले.

त्यांनी आधी जुनी फाईल उघडून दाखवली. ती एमबॉक्स पद्धतीची होती. या पद्धतीत सगळी पत्रं एकाच फाईलमध्ये एकापाठोपाठ असतात. नवं पत्र शेवटी जोडलं जातं. मधलं एखादं पुसायचं तर त्यापुढचा सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो. हे लिहिणं चालू असताना दुसऱ्या संगणकाने नवं पत्र जोडलं, की एका पत्राच्या पोटात दुसऱ्याचं ड्रॉइंग शिरतं. पडद्यावर तेच दिसत होतं.

यावरचा उपाय म्हणजे कुलूप. पण कुलपं तीन तऱ्हांची. काही प्रोग्राम शेजारी ‘.लॉक’ अशी फाईल तयार करतात, काही लिनक्सचं एफसीएनटीएल हे कुलूप वापरतात, तर काही एफलॉक. हे कुलूप कुणालाही बळाने अडवत नाही. विचारणाऱ्यालाच ते दिसतं. पोलाद कारखान्यात दुरुस्तीला उतरणारा फिटर स्विचवर आपलं कुलूप लावतो, ते सगळे तोच स्विच पाहतात म्हणून उपयोगी पडतं. इथे प्रत्येक प्रोग्राम वेगळा स्विच पाहत होता. त्यात २००५ सालच्या लिनक्स २.६.१२ पूर्वी एनएफएसवरचं एफलॉक ज्या संगणकाने लावलं त्याच्यापुरतंच असे. भर म्हणून एनएफएसवरून फाईल उघडणारा संगणक फाईलचा आकार आणि वेळ काही काळ स्वतःजवळ साठवतो. नेहमीच्या मांडणीत ही माहिती ३ ते ६० सेकंद शिळी राहू शकते.

गृहस्थांनी पहिलं काम केलं ते सगळी पत्रं मेलडिर पद्धतीत आणण्याचं. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी रचली. इथे प्रत्येक पत्राची वेगळी फाईल असते. पत्र आधी ‘टेम्प’ या फोल्डरात पूर्ण लिहून डिस्कवर उतरवायचं, मग एका झटक्यात ‘न्यू’मध्ये हलवायचं, पाहून झालं की ‘कर’मध्ये. त्यामुळे अर्धवट पत्र कुणाच्या हाती पडत नाही. फाईलच्या नावात वेळ, प्रोसेसचा क्रमांक आणि संगणकाचं नाव असतं. दोन फाईलींना एकच नाव पडू नये म्हणून ते प्रत्येक संगणकापाशी जाऊन त्याचं नाव तपासत होते. दोन संगणक एकाच डिस्कची नक्कल करून बसवलेले, दोघांचं नाव एकच निघालं. ते बदललं, घड्याळं एका वेळेला जुळवली.

मेलडिरने नवं पत्र सुरक्षित पोचतं, पण वाचणाऱ्या प्रोग्रामच्या सूचीचं काय? डव्हकॉटसारखा मेल सर्व्हर कुठलं पत्र कुठे आहे याची सूची ठेवतो, आणि दोन सर्व्हर एनएफएसवरून एकाच सूचीत लिहू लागले की ती बिघडते. म्हणून टपालाला हात लावणारा सर्व्हर एकच ठेवला. बाकीचे संगणक आता फाईल उघडत नाहीत. आयमॅपने त्याच्याकडे पत्र मागतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये स्टॅनफर्डला आयमॅपची सुरुवात केली ती याच गरजेसाठी : टपाल सर्व्हरवरच राहावं आणि कुठूनही वाचता यावं. एनएफएस उरलं ते मेल सर्व्हर आणि साठवणीचं यंत्र यांच्यामध्ये. तिथे ‘हार्ड’ जोडणी ठेवली, कारण ‘सॉफ्ट’मध्ये वाट पाहून कंटाळलेला संगणक लिहिणं मध्येच सोडून चूक कळवतो. साठवणीच्या बाजूला ‘सिंक’ : डिस्कवर उतरल्याखेरीज ‘लिहिलं’ असं उत्तर द्यायचं नाही. वीज गेली तरी आधीचं टिकतं. यूपीएस होताच.

मग चाचणी. सगळ्या संगणकांवरून एकाच वेळी क्रमांक घातलेली पत्रं सोडली आणि मध्येच साठवणीची नेटवर्क केबल काढली. सगळं थांबलं. केबल जोडल्यावर थांबलेली पत्रं उतरू लागली. शेवटी क्रमांक जुळवले : एकही गहाळ नाही, एकही दोनदा नाही.

“तुम्हाला सांगतो, हरवलेलं टपाल ओरडत नाही,” ते म्हणाले. निविदेची मुदत उलटल्यावरच ते हरवल्याचं कळतं, आणि तोवर ऑर्डर दुसऱ्याकडे गेलेली असते. या कामातून मला पटलं ते हे : सामायिक साठा मजबूत कुलपाने सुरक्षित होत नाही, दोघांनी एकाच जागी लिहिण्याची वेळच येऊ न देणाऱ्या रचनेने होतो. अशी रचना लहान कंपनीलाही परवडते. लागणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत. आणि केबल काढून क्रमांक जुळवण्याची चाचणी केल्याशिवाय कुठल्याही कार्यालयाने सामायिक टपाल वापरात आणू नये.