घरच्या संगणकाला किल्ली लावावी का?

आता पुष्कळांच्या घरी संगणक आहे. त्यात सातबारा, ऊसबिले, बँकेचे उतारे, आधारच्या नकला साठतात. पासवर्ड टाकला म्हणजे झाले, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. चोराने आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की पासवर्ड न विचारता सगळे वाचता येते. एन्क्रिप्शन केले तर डिस्कवरचा मजकूर सांकेतिक होतो. किल्लीवाचून तो कुणाला लागत नाही. विंडोजमध्ये ही सोय बिटलॉकर नावाने असते.

मग लावावीच ना? जरा थांबा. मदरबोर्ड बदलला की बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागतो. ती हरवली तर दुकानदार काय, खुद्द कंपनीलाही नव्याने देता येत नाही. शिवाय विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टचे खाते उघडताच हे कुलूप आपोआप लागते आणि किल्ली त्या खात्यात जाते. खाते दुकानातल्या पोराच्या ई-मेलवर उघडले असेल, तर किल्ली कुणाकडे, हे ज्याचे त्याने पाहावे!

चालू यंत्रात व्हायरस शिरला तर या कुलुपाचा काही उपयोग नाही.

आमच्या मते पुण्या-मुंबईस शिकणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपला ते जरूर लावावे. घरातच राहणाऱ्या, नुसते लग्नाचे फोटो असलेल्या यंत्राला घाई नको. लावण्याआधी फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती कपाटात कुलपात ठेवा. ते ४८ आकडे कागदावर उतरवून दोनदा ताडून पाहा. कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.