पिलाच्या पहिल्या रात्री

पौषातली थंड रात्र असते. पेठेतल्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दिवे मालवलेले असतात, दुकानाचा हिशेब मिटलेला असतो, आणि जिन्याखालच्या अंधारातून एक बारीक, लांबलेला स्वर उठतो. दुपारी मुलांनी मोठ्या हौसेने आणलेले दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिलू रडू लागते. पहिल्या रात्री घरातली सगळी माणसे कौतुकाने उठतात. दुसऱ्या रात्री एकटी आई उठते. तिसऱ्या रात्री शेजारच्या बिऱ्हाडाची खिडकी उघडते, आणि सकाळी लवकर दुकान उघडायचे असलेल्या कर्त्या पुरुषाच्या तोंडून शेवटी ते वाक्य बाहेर पडते : "उद्या जिथून आणलं तिथं सोडून या."

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बारामती, कोणत्याही गावच्या व्यापारी घरात हा प्रसंग घडू शकतो. वाक्य झोपमोडीच्या त्राग्यातले असते, परंतु पिलाच्या दृष्टीने तो साऱ्या आयुष्याचा निकाल असतो. एव्हाना आईने त्याचे दूध तोडलेले असते, भावंडे पांगलेली असतात. ज्या गल्लीतून ते आले त्या गल्लीतली मोठी कुत्री आता त्याला परके मानतात. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार गुन्हाही आहे. पण प्रश्न कायद्यापर्यंत जाण्याची गरजच नसते. पिलाचे रात्रीचे रडणे काही दिवसांत थांबवता येते. मात्र त्यासाठी ते का रडते हे आधी समजून घ्यावे लागते.

आपल्याकडे भाद्रपद हा कुत्र्यांच्या मीलनाचा काळ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे गल्लीतल्या पुष्कळ पिलांचा जन्म कार्तिक-मार्गशीर्षात होतो आणि ती दोन महिन्यांची होतात तेव्हा थंडी भरात असते. जन्मल्यापासून या पिलाने एकही रात्र एकट्याने काढलेली नसते. पहिले दोन-तीन आठवडे तर त्याला स्वतःच्या शरीराची ऊब नीट राखताही येत नाही. आईच्या पोटाशी भावंडांचा ढीग करून झोपणे हेच त्याचे अंथरूण आणि हेच पांघरूण. त्या ढिगापासून चुकून दूर सरकलेले पिलू ओरडते, आणि आई त्या आवाजाच्या रोखाने येते. जिन्याखाली रडणारे पिलू नेमके हेच करीत असते. त्याला ठाऊक असलेला एकमेव उपाय ते वापरत असते, आणि ज्या घरात त्याची आई नाही त्या घरात तो उपाय चालत नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. याला हट्ट म्हणणे हा मोठ्या माणसांचा गैरसमज आहे. घरातल्या आजीला हे बहुधा न सांगता कळते. "लेकरू आहे ते, आईवाचून रडणारच," असे म्हणून ती मोकळी होते, आणि तिचे निदान अचूक असते.

अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिलांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या सामाजिक घडणीचा असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलेले सूत्र आजही मानले जाते. या दिवसांत कोणावर विसंबावे आणि कशाला भ्यावे, हे पिलाच्या मनात पक्के होत जाते. आपल्याकडच्या २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी आठ आठवड्यांखालील पिलाच्या विक्रीस मनाई केली आहे. विकत न घेता गल्लीतून उचलून आणलेल्या पिलालाही हीच मर्यादा लावणे शहाणपणाचे. पाच आठवड्यांचे पिलू मुलांना अधिक गोजिरवाणे वाटते खरे, पण त्याची रात्र आणि घराची रात्र दोन्ही त्यामुळे अधिक अवघड होतात.

तर पहिली दुरुस्ती जागेची. पिलाला जिन्याखाली, गच्चीवर किंवा न्हाणीघरात एकटे ठेवू नये. दुकान असलेल्या घरात पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नसतो. पिलाला पाय पसरून झोपता येईल, उभे राहून वळता येईल, एवढे एक मजबूत खोके घ्यावे, पुढची बाजू थोडी कापून घ्यावी, तळाशी जुन्या सुती साडीच्या दोन-चार घड्या घालाव्यात. ज्या घरून पिलू आणले तिथले, त्याच्या आईच्या अंगाचा वास असलेले फडके मिळाले तर ते या घड्यांवर टाकावे. गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवली की पौषाच्या थंडीत तिचा उपयोग होतो, पण पिलाला तिच्यापासून दूर सरकण्याइतकी जागा हवी, आणि चैत्र-वैशाखात तिचे कामच नाही. हे खोके माणसाच्या अंथरुणाशेजारी, हात खाली सोडला तर पिलाला लागेल इतक्या अंतरावर असावे. पिलू कुरकुरले की हात आत जातो, त्याच्या पाठीवर स्थिर राहतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

अनेक घरांत इथेच अडते. झोपण्याच्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून कुत्र्याचे पिलू नको, असे ज्येष्ठांचे म्हणणे असते, आणि त्या म्हणण्याचा मान राखता येतो. पिलाला माणसाकडे नेता येत नसेल तर माणसाने पिलाकडे जावे. दहा-पंधरा रात्री घरातल्या एकाने आपली गादी पुढच्या खोलीत टाकावी. ज्या मुलाने पिलू आणण्याचा हट्ट धरला होता त्याच्याकडे, तो पुरेसा मोठा असेल तर, हे काम रीतसर सोपवावे.

पिलाला गोदामात मोकळे सोडण्याचा पर्याय सोयीचा वाटला तरी टाळावा. तासगाव-सांगलीकडच्या घरांना हे मुद्दाम सांगायला हवे, कारण बेदाणा आणि मनुका कुत्र्याला विषारी आहेत. त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा-लसूणही घातक, पण तो पुष्कळशा जैन घरांत मुळात येतच नाही.

दुसरी गोष्ट संध्याकाळची, आणि खरे तर रात्रीची बरीचशी शांतता इथेच कमावली किंवा गमावली जाते. एवढ्या वयाचे पिलू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते. झोप पुरी न झालेले पिलू दमून गप्प बसत नाही, ते अधिकच चेकाळते, कपडे ओढते, पायांना चावते. व्यापारी घरात दुकान बंद होते साधारण नवाला. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून थकलेला गृहस्थ घरी येतो आणि त्याला पिलाशी खेळण्यात विरंगुळा मिळतो. साडेदहापर्यंत चेंडू, पळापळ, मुलांचा गलका चालतो. मग दिवा मालवला जातो आणि पिलाने तत्क्षणी झोपावे अशी अपेक्षा असते. हे जमणारे नाही. खेळ दुकानातून येताच उरकावा, अर्ध्या तासात थांबवावा, आणि नंतरचा तास मंद दिव्यात, हलक्या आवाजात, मांडीवर पाठ थोपटण्यात जावा.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना एक सोय आयतीच मिळते. झोपण्याच्या तीन-चार तास आधी पिलाचे शेवटचे खाणे झालेले असावे असा सामान्य सल्ला असतो, आणि माणसांच्या जेवणाबरोबरच त्याचे खाणे उरकले की तो पाळला जातो. मात्र या वयात दिवसातून तीन ते चार वेळा खाणे लागते, आणि ते पोटभर व पोषक हवे. शाकाहारी घरात ते कसे पुरवावे हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे, नुसत्या दूधभातावर वाढत्या पिलाचे भागत नाही. झोपताना वाटीभर दूध पाजण्याची आपल्याकडची मायेची रीतही बंद करावी. आईचे दूध सुटल्यावर अनेक पिलांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही, आणि मध्यरात्री जुलाब होतात. पाणी मात्र कधीही तोडू नये. रात्री लघवी करू नये म्हणून दिवस मावळल्यापासून पाण्याचे भांडे उचलून ठेवणारी घरे आहेत, आणि काही ठिकाणी त्याला चौविहाराचे गोड नावही दिले जाते. व्रत हे समजून-उमजून घेणाऱ्याचे असते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत बांधून ठेवणे, मारणे आणि अन्नपाण्याचा निरोध करणे ही तिन्ही येतात. रडणाऱ्या पिलावर तिसऱ्या रात्री बहुतेक घरे याच तीन गोष्टी आजमावून पाहतात, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मारण्याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. वर्तमानपत्राची सुरळी बसली की पिलू क्षणभर गप्प होते, आणि उपाय लागू पडला असे घरच्यांना वाटते. पिलू मात्र एवढेच शिकते की अंधारात माणूस जवळ आला की दुखते. पुढे ते माणसांच्या नजरेआड, पलंगाखाली किंवा पोत्यांमागे लघवी करू लागते. याउलट दुसरी चूक असते ती तास-दीड तास रडू देऊन मग जाण्याची. पुरेसे रडले की माणूस येतो, हा धडा त्यातून मिळतो, आणि पुढच्या रात्री रडणे अधिक लांबते. जायचे तर लवकर जावे आणि गेल्यावर काही गंमत घडू देऊ नये.

कारण काही वेळा त्याचे उठणे खरोखरच गरजेचे असते. एक ढोबळ हिशेब असा की पिलू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येणाऱ्या तासांइतकी त्याची लघवी धरून ठेवण्याची ताकद. दोन महिन्यांच्या पिलाला तीन तास. झोपेत हा काळ थोडा वाढतो. म्हणून झोपण्यापूर्वी साडेदहा-अकराला एकदा बाहेर नेल्यावर दोनच्या सुमारास गजर लावावा. ते रडायच्या आधी आपण उठणे यात खरी मेख आहे, कारण मग बाहेर जाण्यासाठी रडावे लागते हे ते शिकतच नाही. मोठा दिवा लावू नये, बोलू नये, खेळू नये. उचलून नेहमीच्याच एका जागी ठेवावे, काम होताच हळू आवाजात एक शब्द शाबासकीचा द्यावा आणि परत खोक्यात. लसीकरण पुरे झालेले नसताना भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर पिलाला खाली ठेवू नये, कारण पार्व्होचा जीवघेणा आजार त्या मातीतूनही येतो. तोवर स्वतःची गच्ची, परसू किंवा बाल्कनीतला वर्तमानपत्रे अंथरलेला कोपरा वापरावा. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, खाण्याकडे पाठ, गळून पडणे यांपैकी काही दिसले तर रडणे थांबवण्याचा विचार सोडून थेट दवाखाना गाठावा. जंतांमुळेही पोट दुखून रात्र अस्वस्थ जाते. जंतांचे औषध पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

खोक्याशी ओळख दिवसा करून द्यावी हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दुपारची डुलकी त्यातच, खाण्याचा एखादा घास त्यातच, आणि पिलू त्यात निवांत असताना आपण दोन मिनिटे शेजारच्या खोलीत जाऊन परत यावे. माणूस जातो आणि परत येतो, एवढा भरवसा दिवसाउजेडी बसला की तो अंधारातही टिकतो.

शेजाऱ्यांशीही बोलावे, आणि ते तक्रार येण्यापूर्वी बोलावे. "नवे पिलू आणले आहे, आठ-दहा दिवस थोडा त्रास होईल," हे जिन्यात भेटल्यावर सांगितलेले एक वाक्य पुढची कटुता टाळते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत भुंकणे ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती असल्याचे मान्य केले आहे, पण पाळणाऱ्याने, विशेषतः रात्री, शांतता राखण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा असेही तिथेच म्हटले आहे. पहिला अर्धा भाग सोसायटीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवणारे दुसरा अर्धा बहुधा गाळतात.

चार-पाच रात्रींत रडणे कमी होऊ लागते. मग दर दोन-तीन दिवसांनी दोनचा गजर पाव तासाने पुढे ढकलावा, आणि खोके रोज वीतभर दाराकडे सरकवावे. जिथे ते कायमचे ठेवायचे आहे तिथपर्यंत या गतीने दोन-तीन आठवड्यांत पोहोचता येते. एखाद्या रात्री माघार घ्यावी लागते, तेव्हा वीतभर मागे यावे. बहुतेक पिले चार महिन्यांच्या आसपास रात्रभर धरून ठेवू लागतात. त्याच सुमारास दात बदलू लागल्याने पुन्हा दोन-चार रात्री चुळबुळीत जातात. तेव्हा काकडीचा गार तुकडा किंवा ओले करून गारठवलेले जाड फडके चावायला दिले की हिरड्यांना बरे वाटते.

गजर असा सरकत सरकत तीनवर, साडेतीनवर आणि एके दिवशी पाचाच्या जवळ येतो. पाचाला आजी सामायिकासाठी उठलेलीच असते. ती दार उघडते, पिलू अंग ताणत खोक्यातून बाहेर येते, परसात जाऊन येते आणि तिच्यापासून थोडे अंतर राखून उंबऱ्याशी पुन्हा मुटकुळे करून झोपते. वरच्या मजल्यावर अजून कोणी उठलेले नसते.