धरणाखाली कोण राहते?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टोकोआ गावाजवळचे केली बार्न्स धरण कुठल्याही सरकारचे नव्हते. मालक होते तिथले एक बायबल कॉलेज. उंची जेमतेम 38 फूट, लांबी 400 फूट. 1899 च्या सुमारास विजेसाठी लाकडी चौकटीत दगड भरून बांध घातला गेला, 1937 मध्ये त्यावर मातीचा भराव चढला आणि महायुद्धानंतर उंची आणखी वाढवली गेली. 1957 साली वीजनिर्मिती थांबली. बांध आणि त्यामागचे पाणी मात्र तसेच राहिले. ज्या वास्तूपासून काही मिळकत नाही, तिच्या डागडुजीवर मालकाचे लक्ष किती दिवस टिकणार?

6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे, जोरदार पावसानंतर, दीडच्या सुमारास भराव फुटला. पाणी 186 फूट उंचीच्या टोकोआ धबधब्यावरून कोसळून कॉलेजच्या आवारात शिरले. 39 माणसे गेली. त्यांत 20 मुले होती.

चौकशी करणाऱ्यांना एकच एक कारण दाखवता आले नाही. भरावाचा खालच्या अंगाचा उतार फार उभा होता, भरावातून पाणी पाझरत होते. 1973 मधल्या एका छायाचित्रात त्या उताराचा एक भाग घसरलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे खूण चार वर्षे उघड्यावर होती. ती वाचणारा कोणी नव्हता.

मातीचे धरण थोडे पाझरतेच, त्यात भिण्यासारखे काही नाही. पायथ्याशी येणारे पाणी नितळ असेल तर ते सहसा चालून जाते. ते गढूळ झाले, तर भरावातली माती वाहून चालली आहे आणि आतल्या आत पोकळी तयार होते आहे, असे समजावे. उतारावर झाडे वाढू दिली तर मुळे कुजल्यावर पाण्याला आयत्या वाटा मिळतात. कोकणातले तिवरे धरण फुटल्यावर, ते खेकड्यांच्या बिळांमुळे फुटले का, याची आपल्याकडे खूप चर्चा झाली. बिळे करणारे प्राणी भरावाचे शत्रू आहेतच. पण ती बिळे वेळेवर हेरायला भरावावरून पायी हिंडणारा जाणता माणूस लागतो, आणि तो नेमणे ही मालकाची जबाबदारी असते, मग मालक सरकार असो की खासगी.

अमेरिकेत धरणांच्या तपासणीचा कायदा 1972 सालीच झाला होता. खासगी धरणांची मोठी तपासणी मात्र टोकोआनंतर, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने सुरू झाली. 1981 पर्यंत लष्करी अभियंत्यांच्या देखरेखीखाली आठ हजारांहून अधिक धरणे पाहिली गेली आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित ठरली.

आज तिथे धरणाला दोन वेगवेगळे शेरे मिळतात, आणि त्यांची गल्लत फार होते. एक शेरा प्रकृतीचा: समाधानकारक, ठीक, निकृष्ट किंवा असमाधानकारक. दुसरा धोक्याचा: उच्च, लक्षणीय किंवा कमी. या दुसऱ्या शेऱ्याचा धरणाच्या तब्येतीशी संबंधच नाही. धरण फुटले तर खाली एकाही माणसाचा जीव जाण्याची शक्यता असेल, तर वर्ग 'उच्च'. मग बांधकाम कितीही भक्कम असो. त्यामुळे शेतातल्या जुन्या तळ्याच्या मालकाने फावडेभर मातीही हलवलेली नसताना, केवळ खाली नवी वस्ती उभी राहिली म्हणून त्याचे धरण 'उच्च' वर्गात जाते. मालकाला हा अन्याय वाटतो, आणि त्याची चिडचिड समजण्यासारखी आहे. तरीही मला ही पद्धत योग्यच वाटते. धरणाची गुणवत्ता मोजण्याआधी ते कोणाच्या डोक्यावर उभे आहे हे विचारलेच पाहिजे.

मात्र हा शेरा प्रत्यक्ष पाहून द्यायला हवा. हवाई बेटांपैकी काउआईवर उसाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले का लोको हे मातीचे धरण पुढे खासगी मालकीत होते. सरकारी नोंदीत त्याचा वर्ग 'कमी धोका'. राज्याने त्याची तपासणी केलेली नव्हती. 14 मार्च 2006 रोजी, अनेक आठवड्यांच्या पावसानंतर, ते फुटले आणि सात जण मृत्युमुखी पडले. जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवाच बुजवला गेला होता, याकडे चौकशीचे बोट होते. मातीच्या धरणात सांडवा नसणे जीवघेणेच, कारण माथ्यावरून पाणी वाहू लागले की भराव पाहता पाहता कापला जातो. पुढे मालकाला सात महिन्यांची कैद झाली.

भारताच्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरहून उंच धरणे येतात, आणि 10 ते 15 मीटरमधली काही अटींवर. केली बार्न्स साडेअकरा मीटरच्या आसपास होते; का लोको त्याहून फारसे उंच नव्हते. सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या महाराष्ट्रात या मर्यादेखालचे बांध आणि तलाव गावोगावी आहेत. त्यांच्या खाली कोण राहते, याची नोंद तरी तालुक्याच्या पातळीवर व्हायला हवी.

आणि निकृष्ट शेरा मिळाल्यावर पुढे काय? सांडवा रुंद करायचा, उतार सौम्य करायचा, तर खर्च अनेकदा त्या जमिनीच्या किमतीहून जास्त येतो. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक धरणे खासगी आहेत, आणि धोकादायक धरणांच्या दुरुस्तीसाठी 2016 च्या कायद्याने आणलेले केंद्रीय अनुदान नफ्यासाठी चालणाऱ्या मालकांना मिळत नाही. अशा वेळी तलाव रिकामा करून, भराव शिस्तीत कापून, ओढ्याला त्याची वाट परत देणे हाही खरा इलाज आहे. काठावर घरे बांधलेल्यांना तो रुचत नाही, पण खालच्या वस्तीसाठी तो बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा असतो.